त्रेसष्ट केसपेपर आणि डॉक्टर गिलीज

डॉक्टर मर्डो गिलीज यांच्याकडे मी पहिल्यांदा गेलो तो डोळ्यात लोखंडाचा कण गेला म्हणून. साल १९७९. टेक्सासच्या अगदी दक्षिणेला, मेक्सिकोच्या सीमेवरच्या नदीपासून वीस मैलांवर आमचं गाव. संत्र्यांच्या बागा, कापूस, आणि फळं पेट्यांत भरायच्या मोठ्या शेड. त्या शेडमधले बॉयलर आणि पाइप मी सांभाळायचो. मूळचा मी नागपूरचा, रेल्वे वर्कशॉपमधला वेल्डर. बायको नंदा नर्स. तिला इथे नोकरी मिळाली, तिच्यामागून मी आलो.

डॉक्टरांनी कण काढला आणि विचारलं, "तुझा गॉगल कुठे होता?"

"कपाळावर."

"मग पुढच्या वेळी कपाळात कण गेला तरच ये."

कण काढायला दोन मिनिटं लागली. मग पंधरा मिनिटं ते लिहीत बसले. कोणता डोळा, कोणता धातू, कोणतं मशीन, किती वाजता. लिहून झाल्यावर मला सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि विचारलं, "बरोबर?" मी मान हलवली.

"मान नको हलवू. तोंडानं सांग."

हे त्यांचं वेड होतं, आणि त्याला कारण होतं. त्यांचे वडील स्कॉटलंडमध्ये ग्रीनॉक गावच्या गोदीत जहाजांना रिव्हेट मारायचे. तीस वर्षं. त्या आवाजानं ठार बहिरे झाले. म्हातारपणी हॉस्पिटलात पडले असताना नर्सनं दुसऱ्याच पेशंटचं नाव पुकारलं. वडिलांनी नुसते हललेले ओठ पाहून मान हलवली. दुसऱ्याचं औषध त्यांच्या पोटात गेलं. सकाळपर्यंत ते गेले. मर्डो तेव्हा डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला होते. १९६३ साली ते अमेरिकेत आले. मोठ्या शहरात न राहता आमच्या गावात दोन खोल्यांचं लाकडी घर भाड्यानं घेऊन दवाखाना काढला. लग्न केलं होतं, बायको लवकर वारली. मूल नव्हतं. उरली ती कामं आणि केसपेपर.

नंदा १९८० पासून त्यांच्याकडे काम करू लागली. पहिल्याच आठवड्यात घरी येऊन म्हणाली, "माणूस चांगला आहे. पण एक रकाना रिकामा ठेवला तर जेवू देत नाही."

मला हे आवडलं. अर्धवट काम करणारी माणसं मी फार पाहिली होती.

पुढच्या वर्षापासून वेगळे पेशंट यायला लागले. मेक्सिकोच्याही खाली एक छोटा देश आहे. तिथे सरकारचे सैनिक आणि डोंगरातले बंडखोर यांची लढाई चालली होती. देशाचं नाव मी लिहीत नाही. या गोष्टीतली माणसं अजून तिथे आहेत. तिथून पळालेले लोक मेक्सिको पार करून, नदी ओलांडून आमच्या गावात पोचायचे. त्यांना इथे राहायची परवानगी नव्हती. पकडले गेले तर विमानात घालून परत पाठवायचे, आणि उतरल्यावर तिथे कोण वाट पाहत असेल ते सांगायला नको. चर्चचे फादर अन्सेल्मो त्यांना मागच्या दारानं दवाखान्यात आणायचे.

हे लोक खुर्चीवर बसायचे नाहीत. दाराकडे तोंड करून भिंतीला टेकून उभे राहायचे. बाहेर गाडीचं दार आपटलं की सगळ्यांचे श्वास थांबायचे. मी एकदा तिथे नळ दुरुस्त करत होतो. पान्हा हातातून फरशीवर पडला, तर एक म्हातारा टेबलाखाली गेला. त्याला बाहेर काढायला डॉक्टर स्वतः गुडघ्यावर रांगले.

त्यांच्यात नूबिया होती. वीस-बावीस वर्षांची. डाव्या हाताची दोन बोटं कुणीतरी छाटलेली, जखम चिघळलेली. डॉक्टरांनी हात वाचवला आणि मग लिहायला बसले. नाव, गाव, जखम कधी झाली, कोणी केली. शेवटचा रकाना, जवळचं माणूस कोण.

नूबिया म्हणाली, "आई. दोमितिला. गावातच आहे."

नंदा मध्येच बोलली, "डॉक्टर, आईचं नाव कशाला?"

"रकाना आहे."

"रिकामा राहिला तर काय होईल?"

"तर केसपेपर अर्धा राहील." त्यांनी पेन खाली ठेवलं. "नंदा, उद्या कधीतरी एखादा न्यायाधीश विचारेल, या मुलीचं काय झालं. तेव्हा मी काय दाखवू? माझी आठवण? माझ्या वडिलांच्या वेळी सगळ्यांना सगळं आठवत होतं."

त्यांनी नाव लिहिलं आणि वाचून दाखवलं. नूबियानं तोंडानं "हो" म्हटलं.

त्या दिवशी घरी नंदा माझ्या मागे लागली. "अहो, तुम्ही सांगा त्यांना. पुरुषाचं ऐकतील."

"काय सांगू? माणूस काम पूर्ण करतोय."

"काम पूर्ण करतोय म्हणे! तुम्ही दोघं एकाच साच्यातले आहात. कागद पाहायचा, माणूस नाही."

मी ऐकून घेतलं. डॉक्टरांना काही बोललो नाही. ही माझी पहिली चूक.

१९८३ च्या उन्हाळ्यात डॉक्टरांना भीती वाटू लागली. दवाखान्यासमोर एक तपकिरी गाडी उभी राहायची. आत दोन माणसं, काच खाली, सँडविच खात. डॉक्टरांनी मला बोलावलं.

"लहू, मला एक कपाट हवं. कुणालाही उघडता येणार नाही असं."

मी दोन शनिवार-रविवार घालवले. आठ इंचाला एक टाका मारून सोडून देणारे वेल्डर मला माहीत आहेत. मी सलग वेल्ड मारलं. पत्रा जाड, बिजागऱ्या आतून, कुलपाच्या तीन कांड्या दारातून चौकटीत जाणाऱ्या. किल्ली एकच केली. दोन केल्या की एक नेहमी भलत्याच्या खिशात असते, असं डॉक्टरांचं मत. आणि स्वतः डॉक्टर वस्तू हरवायचे, म्हणून ती एक किल्ली नंदाच्या गळ्यात.

कपाट जमिनीला बोल्टनं जखडायचं होतं. घरमालकानं लाकडी जमिनीला भोकं पाडू दिली नाहीत. कपाटाचं वजन अडीचशे पौंड. मी म्हटलं, दोन माणसांना हलणार नाही. चार माणसांचा विचार मी केला नाही.

नोव्हेंबर महिना होता. सकाळचे दहा. शेडमध्ये फोन आला. डॉक्टरांचा आवाज एकदम हळू होता.

"फादरच्या घरी सरकारी माणसं शिरलीत. आता इकडे येतील. नंदा कुठे आहे?"

नंदा एका बाळंतिणीकडे गेली होती, तीस मैलांवर, मळ्यातल्या खोपटात. तिथे फोन नव्हता. किल्ली तिच्या गळ्यात.

मी ट्रक काढला. ट्रकमध्ये ड्रिल होतं आणि गॅस कटरची नळकांडी पण. सात मिनिटांत पोचलो. डॉक्टर कपाटासमोर उभे होते. कपाळावर घाम.

"उघडेल?"

"कटरनं दोन मिनिटं लागतील," मी म्हणालो. "पण ठिणग्या आत जातील. कागद जळतील."

"कागदांना धक्का लागता कामा नये."

"मग ड्रिल. कुलूप पोखरावं लागेल. वीस-पंचवीस मिनिटं."

"ड्रिल," डॉक्टर म्हणाले.

मी ड्रिल लावलं. नीट, सरळ, मध्ये तेल घालत. तीन कांड्यांपैकी पहिली बारा मिनिटांत तुटली. दुसरीला ड्रिलचं बीट तापलं, मी ते थंड होऊ दिलं, कारण तापलेलं बीट मोडतं. डॉक्टर खिडकीशी होते. दर मिनिटाला म्हणत, "अजून नाही आले."

दुसरी कांडी तुटायला आली तेव्हा पुढचं दार वाजलं.

ते सहा जण होते. सभ्य बोलत होते. एकानं कपाटाला हात लावला, ड्रिलचं भोक पाहिलं आणि हसला. "मेहनत छान आहे." चौघांनी कपाट आडवं केलं, हातगाडीवर घातलं आणि नेलं. मला नाव विचारलं, ग्रीन कार्ड पाहिलं, नंबर उतरवून घेतला.

गाड्या गेल्यावर आम्ही दोघं पायरीवर बसलो. मग डॉक्टर म्हणाले, "लहू, कटरनं कागद जळले असते."

"हो."

"आपल्याला तेच हवं होतं."

मी ट्रकमधल्या नळकांड्यांकडे पाहिलं. ठिणग्या आत पडल्या असत्या, वरून नुसता ऑक्सिजन सोडला असता, तर तीन मिनिटांत त्रेसष्ट केसपेपरची राख झाली असती. दोघांनाही हे सुचलं नव्हतं. त्यांना कागद जपायची सवय आणि मला काम स्वच्छ करायची. नंदा तिथे असती तर किल्लीही लागली नसती. तिनं कटरनंच आग लावायला सांगितलं असतं.

ती संध्याकाळी आली आणि आम्हाला पाहून तिला सगळं कळलं. तिनं गळ्यातली किल्ली काढून टेबलावर ठेवली. "आता ही मिरवा," एवढंच म्हणाली.

त्रेसष्ट कागद. त्यांत अकरा गावं. प्रत्येक कागदावर शेवटचा रकाना भरलेला.

त्यानंतर तीन आठवड्यांत आमच्या भागातून सात जण पकडले आणि परत पाठवले. सातांपैकी पाच जणांचे केसपेपर आमच्याकडे होते. ते कागदांमुळे पकडले गेले की नाही, कुणाला सांगता आलं नाही. तिकडच्या सैन्याला नावं मिळाली की नाही, तेही नाही. न कळणं हेच वाईट होतं. नूबिया चर्चच्या तळघरात राहायची. ती दवाखान्यात आली आणि टेबलासमोर उभी राहिली.

"तुम्ही माझ्या आईचं नाव लिहिलंत."

"हो," डॉक्टर म्हणाले.

"मी तुम्हाला सांगितलं. मी मूर्ख."

"नाही. मी विचारलं."

"तिला आता कोण सांगणार?"

गावात फोन नव्हता. पत्रं फोडली जायची. फादर अन्सेल्मोंवर या लोकांना लपवल्याचा खटला होता, त्यांना गाव सोडता येत नव्हतं. डॉक्टरांनी दोन दिवस पेशंट पाहिले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "मी जातो. अकरा गावं. प्रत्येक घरी सांगतो, निघा म्हणून."

"डॉक्टर, तुम्ही चोपन्न वर्षांचे आहात. स्पॅनिश लहान पोरासारखं बोलता."

"निघा म्हणायला एकच शब्द लागतो."

"आणि तुम्हाला पकडलं तर?"

"मला भीती वाटते, लहू. तू विचारू नकोस, म्हणजे मला सांगावं लागणार नाही."

जानेवारी १९८४ मध्ये मी त्यांना सीमेवरच्या पुलापर्यंत सोडलं. सकाळची वेळ. खरं सांगतो, मला जायचं नव्हतं. माझा नागरिकत्वाचा अर्ज चालू होता. आमची मुलगी सीमा सातवीत होती. आदल्या आठवड्यात तिच्या शाळेबाहेर एका माणसानं तिला विचारलं होतं, तुझे वडील घरी कोणाकोणाला बोलावतात. तिनं उत्तर दिलं नव्हतं. घरी येऊन इंग्रजीत म्हणाली, "डॅड, आय डिडंट से एनिथिंग," आणि मग नंदाच्या कुशीत शिरून रडली. तेव्हापासून मी तिला रोज ट्रकनं आणायला जायचो.

नंदाला मी म्हटलं, "बसनं जातील ते."

ती भाजी चिरत होती. सुरी थांबली. "कपाट कोणी केलं?"

मी ट्रकची किल्ली घेतली.

रस्त्यात आरशात सारखी एक पांढरी गाडी दिसत होती. मी वेग कमी केला तर तीही कमी करायची. मग ती एका पेट्रोल पंपात वळली. आत एक बाई आणि तीन मुलं होती. डॉक्टर हसले. मला हसता आलं नाही.

"तिथे बंदुका असतील," मी म्हणालो.

"असतील."

"तुम्हाला कुणी हातात दिली तर?"

"मी डॉक्टर आहे. दोन्ही हात भरलेले असतात."

पुलावर ते उतरले. एक बॅग, टोपी, पायांत माझे जुने कामाचे बूट, कारण त्यांचे पातळ होते. ते पायी पुलावरून गेले. मी परत फिरेपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

मग दोन वर्षांत फादरकडून दोनच निरोप आले. पहिला त्याच वर्षी एप्रिलमध्ये, तोंडी, एका ट्रक ड्रायव्हरबरोबर. "नऊ गावं झाली. दोन बाकी." दुसरा पुढच्या वर्षी. "डोंगरात आहेत. परत येणार नाहीत." कोणत्या गावांना पोचले, दोमितिला सापडली का, यातलं काही नाही. नूबियाला चर्चच्या लोकांनी उत्तरेला मिनेसोटात पाठवलं होतं. ती फोन करायची आणि नुसतं विचारायची, "काही?" फोनमध्ये मागे, कुणी ऐकत असल्यासारखा, टक् असा आवाज यायचा. नंदा "नाही" म्हणून ठेवून द्यायची.

सरकारी माणसं आमच्याकडे तीनदा आली. डॉक्टर कुठे? मी म्हणायचो, हवापालटाला गेले. १९८५ मध्ये नागरिकत्वाच्या मुलाखतीला बोलावलं. एका बाईनं फॉर्ममधले प्रश्न ओळीनं विचारले. कुठल्याही देशाचं सरकार बळानं उलथवणाऱ्यांना तुम्ही मदत केली आहे का? शर्ट पाठीला चिकटला. मी एका माणसाला पुलापर्यंत सोडलं होतं. तो एका म्हातारीला सावध करायला चालला होता. मी म्हटलं, "नाही." खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं. बाईनं माझ्याकडे पाहिलं, शिक्का मारला. बाहेर येऊन मी ट्रकला टेकून ओकलो.

सप्टेंबर १९८६. दुपारी फादरनी नंदाला बोलावलं. मी बरोबर गेलो. चर्चच्या स्वयंपाकघरात एक बुटकी, सुकलेली बाई स्टुलावर बसली होती. साठीच्या पुढची. पायांच्या तळव्यांना फोड. नंदानं पाय धुवायला घेतले आणि नाव विचारलं. बाई बोलली नाही. फादरनी तिला समजावलं की ही डॉक्टरांचीच नर्स. तरी ती आधी माझ्याकडे, मग दाराकडे पाहत राहिली. मी दार लावून त्याला खुर्ची टेकवली. मग ती म्हणाली, "दोमितिला."

नंदानं हातातलं भांडं खाली ठेवलं.

पुढचं सगळं त्या बाईनं सांगितलेलं. फादर इंग्रजीत सांगत होते, मी मराठीत लिहितो आहे. इतक्या हातांतून येताना काही सांडलं असेल.

दोमितिलाचं गाव अकरावं, सगळ्यात आतलं. डॉक्टर तिथे १९८४ च्या मे महिन्यात पोचले. अंगणात उभे राहून टोपी काढली आणि पोपटासारखं पाठ केलेलं बोलले, "मी तुमचं नाव कागदावर लिहिलं. तो कागद वाईट माणसांकडे गेला. चूक माझी. तुम्ही निघा."

"मी मक्याचं कणीस फेकून मारलं," दोमितिला म्हणाली. "म्हटलं, गोऱ्या, माझं घर, माझ्या कोंबड्या, तुझ्या एका रेघेसाठी सोडू?"

"मग?"

"मग तो अंगणातच बसला. उठेना. पाणी भरून आणू लागला. निम्मं सांडायचा. चौथ्या दिवशी शेजारच्या गावाकडे धूर दिसला. तेव्हा निघालो. चाळीस जण. सैनिक दोन दिवसांनी आमच्या गावात आले."

"नावं घेऊन आले होते?" मी विचारलं.

"मला काय माहीत? मी थांबले नव्हते." तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे विचारलं नाही.

चाळीस जण डोंगरात बंडखोरांच्या आश्रयाला गेले. डॉक्टर त्यांच्याबरोबर राहिले. झाडाखाली दवाखाना. गोळ्या काढायचे, बाळंतपणं करायचे. लिहायचे काहीच नाहीत. बंडखोरांचा म्होरक्या म्हणाला, इथे प्रत्येकाला पहारा द्यावा लागतो, बंदूक घे. डॉक्टरांनी नकार दिला. एक वर्षभर त्यांच्या वाटचा पहारा दुसरे द्यायचे.

एका पहाटे त्यांच्या वाटच्या पहाऱ्यावर एक तापानं फणफणलेला मुलगा बसला होता, कारण दुसरा कोणी नव्हता. त्याला झोप लागली. सैनिक वर चढले. तीन लहान मुलं आणि एक बाळंतीण मेली. बाळंतपण डॉक्टरांनीच तीन दिवसांपूर्वी केलं होतं. दुपारी त्यांनी म्होरक्याकडे जाऊन बंदूक मागितली.

दोमितिला सांगत होती, "शिकायला त्याला फार दिवस लागले. खांदा काळानिळा. पण रोज बंदूक उघडायचा, पुसायचा, परत जोडायचा. पोरांना ओरडायचा, तेल कमी घातलं म्हणून. पोरं त्याला मागून आजी म्हणायची."

पहिला माणूस त्यांनी ओढ्यापाशी मारला. गोळीबार थांबल्यावर त्याच्याजवळ गेले, बंदूक खाली ठेवली आणि त्याची छाती बांधू लागले. बाकीचे ओरडत होते, चल, चल. ते बांधत राहिले. वीस वर्षांचा असेल तो सैनिक. त्यांच्या हातातच गेला. डॉक्टर आठवडाभर बोलले नाहीत. आम्हाला वाटलं आता बंदूक टाकेल, दोमितिला म्हणाली. आठव्या दिवशी ते पहाऱ्याला उभे होते. बंडखोरांच्या यादीत त्यांना डॉक्टर म्हणून नव्हे, साधा सैनिक म्हणून घातलं होतं. त्यांनीच तसं सांगितलं होतं.

"त्याला भीती वाटायची?" नंदानं विचारलं.

"सगळ्यांना वाटायची. त्याची दिसायची. पहाऱ्याला जायच्या आधी तो झाडामागे जाऊन ओकायचा, तोंड धुवायचा आणि जायचा. रोज. आम्हाला सवय झाली होती."

मी खाली पाहिलं.

१९८६ च्या जुलैमध्ये सैन्यानं डोंगराला वेढा घातला. निघायला एकच वाट, एका घळीतून. एकतीस जण उरले होते, त्यांत म्हाताऱ्या आणि पोरं. घळीच्या तोंडाशी कुणीतरी थांबून सैनिकांना रोखायला हवं होतं. म्होरक्या माणसं निवडत होता. डॉक्टर तिथेच बसले आणि बूट सैल करू लागले.

"मी म्हटलं, ऊठ," दोमितिला म्हणाली. "तो म्हणाला, माझे गुडघे ती वाट चढणार नाहीत. मी म्हटलं, तुझे गुडघे काही धड नाहीत हे खरं, बस मग. असंच म्हटलं मी. त्याच्याबरोबर आणखी दोघं थांबले. आम्ही चढलो. दुपारपर्यंत गोळ्यांचा आवाज येत होता. मग बंद झाला. आम्ही पळत होतो."

"नंतर कुणी परत जाऊन पाहिलं?" मी विचारलं.

"नाही. कोण जाणार? आम्हाला भीती वाटत होती."

बाहेर एक गाडी थांबली, दार आपटलं. आम्ही चौघंही ताठ झालो. पाववाला होता. दोमितिलानं श्वास सोडला आणि दुसरा पाय नंदापुढे केला.

नंदानं तो हातात घेतला. पट्टी गुंडाळता गुंडाळता वर न पाहता विचारलं, "त्या नावाबद्दल तुम्ही त्यांना माफ केलंत का?"

फादरनी प्रश्न तिच्या भाषेत सांगितला. दोमितिला म्हणाली,

"दोन वर्षं तो रोज माझ्याकडे बघायचा. मी म्हणेन म्हणून. मी मुद्दाम म्हणत नव्हते. म्हटलं, वाट बघू दे. घळीत म्हणणार होते." तिनं पायावरची पट्टी बोटानं चाचपली. "तिथे वेळ नव्हता."

मग तिनं विचारलं की नूबिया राहते ते मिनेसोटा किती लांब आहे. मी म्हटलं, ट्रकनं तीन दिवस, पण पहिल्या साठ मैलांवर चेकपोस्ट आहे, तिथे कागद तपासतात. ती म्हणाली, "भीतीचं काम ना? चल."